शेतराखण आणि फौजदारी कायदा

पिकाची राखण हे शेतकऱ्याचे परंपरागत काम होय. गुरे, पाखरे, रानडुकरे, चोर आणि कधी कधी बांधाशेजारचा भाऊबंद यांपासून पीक वाचविल्यावाचून खळ्यावर रास पडत नाही. परंतु राखण करताना आपला हात कोठवर चालवावा आणि कोठे आवरावा, ह्याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांस असते. वीतभर बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, डुकरांसाठी लावलेल्या तारेने शेजारचे मूल दगावले, आणि ज्या शेतासाठी तंटा झाला ते शेतच खटल्याच्या खर्चापायी गहाण पडले, असे प्रकार तालुक्याच्या कचेरीत बसणाऱ्या कोणाही माणसास नवे नाहीत. यास्तव फौजदारी कायद्याची मूलतत्त्वे शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारातील उदाहरणे घेऊन येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम कायद्याच्या नावाविषयी. आपल्या वाडवडिलांच्या तोंडी ‘पिनल कोड’ हे जे नाव होते, ती भारतीय दंड संहिता. तिचा पहिला मसुदा मेकॉलेसाहेबांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली तयार केला, ती १८६० साली मंजूर झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. एकशे बासष्ट वर्षे ती चालली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. जुन्या संहितेची कलमे ५११ होती. नवीची ३५८ आहेत. कलमांचे आकडे बदलले, काही शिक्षा वाढल्या, काही नव्या आल्या. तथापि चोरी, आगळीक, दुखापत वगैरेंच्या व्याख्या बहुतांशी पूर्वीच्याच राहिल्या आहेत. १ जुलै २०२४ च्या पूर्वी घडलेल्या कृत्यास मात्र जुनाच कायदा लागू पडतो. खाली दिलेले कलमांचे आकडे, जेथे निराळे सांगितले नाही तेथे, नव्या न्याय संहितेचे समजावेत.

तंटा कोणत्या दाराने न्यावा?

शेतीच्या तंट्यास तीन दारे आहेत: दिवाणी, महसुली आणि फौजदारी. जमीन कोणाची, वाटणी खरी की खोटी, खरेदीखत बरोबर की लबाडीचे, हे प्रश्न दिवाणी न्यायालयाचे. मोजणी, हद्द, फेरफार, वहिवाटीचा रस्ता, हे बव्हंशी महसूल अधिकाऱ्याचे. आणि एखाद्याने असे काही कृत्य केले की ज्यास कायद्याने शिक्षा सांगितली आहे, तर ते फौजदारीचे. पहिल्या दोन दारी आपणांस आपला हक्क मिळतो. तिसऱ्या दारी अपराध्यास शिक्षा होते, पण तेवढ्याने आपली जमीन आपणांस परत मिळेलच असे नाही. पुष्कळ लोक हक्काचा तंटा फौजदारी दाराने नेतात. फिर्याद देऊन समोरच्यास एकदा आत बसविला म्हणजे जमीन आपोआप मोकळी होईल, असे त्यांस वाटते. होते असे की, समोरचाही उलट फिर्याद देतो, दोन्ही घरची माणसे तारखांना जातात, आणि बांध होता तेथेच राहतो.

गुन्हा कशाने होतो?

केवळ नुकसान झाले म्हणून गुन्हा होत नाही. बहुतेक गुन्ह्यांत दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कृत्य आणि त्यामागील मन. दावे तुटून बैल शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरला, तर नुकसान खरे, भरपाईचा प्रश्नही खरा. पण मालकाच्या मनात काही वाईट नसेल तर ती आगळीक नव्हे. तोच मालक रात्री मुद्दाम बांध मोकळा करून गुरे आत सोडील, तर ती आगळीक होय. हे उदाहरण माझ्या पदरचे नव्हे. दुसऱ्याच्या शेतात पिकाची नासाडी करण्याच्या हेतूने गुरे घालणे, हा दाखला संहितेच्या कलम ३२४ खाली कायदा करणारांनीच दिलेला आहे.

मन म्हणजे नेहमी द्वेषच असावा असेही नाही. परिणाम काय होईल हे ठाऊक असणे, किंवा साधारण शहाण्या माणसाने घ्यावयाची काळजी न घेणे, एवढेही काही गुन्ह्यांत पुरते. माझ्या मनात कोणास मारावयाचे नव्हते, एवढे म्हटल्याने सुटका होत नाही, ह्याचे कारण हेच. तसेच कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोठेही चालत नाही.

शेतीशी निगडित गुन्हे

चोरी (कलम ३०३). दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे हलविणे म्हणजे चोरी. येथे शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. जमिनीस लागलेली वस्तू जंगम नव्हे, म्हणून उभ्या झाडाची किंवा उभ्या कणसाची चोरी होत नाही. परंतु ती नेण्याच्या हेतूने तोडताक्षणीच चोरी पुरी होते, मग माल शेताबाहेर गेला नसला तरी चालते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असून अपराधी पहिल्यानेच दोषी ठरला, आणि त्याने माल वा किंमत परत केली, तर त्यास आता सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. ही शिक्षा ह्या देशाच्या दंडकायद्यात प्रथमच आली. उलटपक्षी, वस्तू आपलीच आहे असे प्रामाणिकपणे समजून कोणी नेली, तर ती चोरी होत नाही.

आगळीक (कलमे ३२४ ते ३२६). दुसऱ्याच्या मालमत्तेचा मुद्दाम नाश करणे ही आगळीक. एक लाख रुपये किंवा त्याहून अधिक नुकसानीस पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचे जनावर मारणे वा निकामी करणे ह्यासही पाच वर्षे. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे कृत्य करणे, म्हणजे पाट फोडणे किंवा पाणी गैररीतीने वळविणे, ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पुष्कळांस ही केवळ पाळीची भांडणे वाटतात. सरकारी अधिकाऱ्याने बसविलेली हद्दीची खूण उपटणे किंवा सरकविणे ह्यास एक वर्ष. गंजीस किंवा काढलेल्या पिकास आग लावणे ह्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड.

अतिक्रमण आणि वाट अडविणे. दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीत गुन्हा करण्याच्या, धाकदपटशा दाखविण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हे फौजदारीपात्र अतिक्रमण (कलम ३२९). शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड. पाऊस आला म्हणून झाडाखाली उभा राहिलेला वाटसरू ह्यात येत नाही. ज्या वाटेने जाण्याचा एखाद्यास हक्क आहे ती अडविणे हा गैरनिरोध (कलम १२६). खाजगी वाट अडविण्याचा आपणांस कायदेशीर हक्क आहे असे ज्याचे प्रामाणिक मत असेल, त्यास ह्या कलमात सूट आहे. पण आदल्या पिढीपासून ज्या वाटेने शेजाऱ्याची गाडी जात आली, तेथे रातोरात काटेरी फास टाकणाराचे मत प्रामाणिक होते असे न्यायाधीशास पटविणे सोपे नाही.

मारहाण. साधी दुखापत (कलम ११५) एक वर्षापर्यंत. जबर दुखापत (कलम ११७) सात वर्षांपर्यंत. हाड मोडणे, दात पडणे, किंवा पंधरा दिवस माणसास नित्याचे काम करता न येणे, ही जबर दुखापत. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. हातात कोयता, विळा वा कुऱ्हाड असेल तर तीच दुखापत कलम ११८ खाली जाते. आणि जबर दुखापत झाल्यास शिक्षा एक वर्षाहून कमी देता येत नाही व जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शेतकऱ्याच्या हातात अवजार नेहमीच असते. म्हणून भांडणाचा रंग दिसताच हातातील अवजार खाली ठेवावे, हे सांगणे जरुरीचे वाटते.

जमाव. पाच किंवा अधिक माणसे मिळून बळाने जमिनीचा ताबा घेण्यास, किंवा कोणाचा रस्त्याचा वा पाण्याचा उपभोग बंद पाडण्यास जमली, तर तो बेकायदेशीर जमाव होय (कलम १८९). त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने जरी गुन्हा केला तरी त्या वेळी त्यात असलेला प्रत्येक जण दोषी धरला जातो (कलम १९०). भाऊबंदास मदत म्हणून नुसता बांधावर उभा राहिलेला चुलता किंवा शाळकरी पुतण्या खटल्यात गोवला जातो तो ह्याच कलमामुळे. तंट्याच्या जागी माणसे गोळा करून नेण्याने आपली बाजू बळकट होत नाही. आरोपींची यादी तेवढी लांबते.

गुन्ह्यांचे दुसरे वर्ग

पोलिसांच्या दृष्टीने गुन्हे दखलपात्र आणि अदखलपात्र असे दोन. दखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस आपण होऊन करू शकतात. अदखलपात्राची नोंद घेऊन फिर्यादीस दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतात. साधी मारहाण व पाच हजारांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहेत, म्हणून पोलिसांनी लगेच कोणास धरले नाही तर ती त्यांची हयगयच असे समजू नये. तसेच काही गुन्हे जामीनपात्र, काही बिगर-जामीनपात्र. आणि काही आपसात मिटविण्याजोगे, काही तसे नसणारे. साधी दुखापत, फौजदारीपात्र अतिक्रमण, गैरनिरोध हे मिटविता येतात. खून, दरोडा हे मिटविता येत नाहीत, मग दोन्ही घरे राजी असली तरी.

बचाव कोणते?

संहितेचे तिसरे प्रकरण, कलमे १४ ते ४४, सर्वसाधारण अपवादांचे आहे. कृत्य घडले असूनही तो गुन्हा का नव्हे, हे त्यात सांगितले आहे. गुन्हा शाबीत करण्याचा बोजा सरकार पक्षावर असतो आणि तो वाजवी संशयापलीकडे शाबीत करावा लागतो. अपवादाचा बोजा आरोपीवर. पण त्याने आपली हकीकत संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते.

वस्तुस्थितीविषयीची चूक. ओरिसातील रसगोविंदपूर येथे युद्धकाळातील एक ओसाड विमानतळ होता आणि तेथे भुतांचा वावर आहे अशी आसपास समजूत होती. तेथे रात्री दिवा हलताना व त्याभोवती आकृत्या फिरताना पाहून एक नेपाळी नोकर खुकरी घेऊन धावला. त्या आकृत्या म्हणजे कंदील घेऊन मोहाची फुले वेचणाऱ्या बाया होत्या. त्यांतील एक मेली, दोघी जखमी झाल्या. १९६० च्या सुमारास उच्च न्यायालयात गेलेल्या ह्या खटल्यात तो सुटला; कारण आपण माणसांवर नव्हे तर भुतांवर वार करीत आहो अशी त्याची खरीखुरी समजूत होती. ही चूक वस्तुस्थितीविषयीची होती, कायद्याविषयीची नव्हे.

अपघात. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने, योग्य काळजी घेऊन करीत असता अकल्पित इजा झाली, तर तो गुन्हा नव्हे (कलम १८). कुऱ्हाडीने काम करीत असता पाते निसटून जवळच्या माणसास लागले, हा दाखला कायद्यातच आहे. मात्र दांडा सैल असल्याचे ठाऊक असूनही काम चालविले असेल तर हा बचाव उरत नाही. ओरिसातीलच १९७८ सालचा एक निकाल शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. मक्याच्या शेताची राखण करणाऱ्याने पिकात काही हलताना पाहून, अस्वल आहे अशा प्रामाणिक समजुतीने बाण सोडला. तो आत लपलेल्या माणसास लागून माणूस मेला. न्यायालयाने चुकीचा व अपघाताचा असे दोन्ही अपवाद मान्य करून त्यास निर्दोष ठरविले.

निकड. मोठे नुकसान टाळण्यासाठी सद्भावाने लहान नुकसान करणे (कलम १९). आग पसरू नये म्हणून मधले घर पाडणे हा कायद्यातील दाखला. एका गंजीस लागलेली आग पुढे जाऊ नये म्हणून शेजाऱ्याची कडब्याची सुडी ओढून मोडली, तर ती ह्याच न्यायाने पाहिली जाईल.

क्षुल्लक इजा. साधारण समजुतीचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतके क्षुल्लक कृत्य गुन्हा नव्हे (कलम ३३). वाटेने जाणाऱ्याने हुरड्याची दोन कणसे मोडली, एवढ्यावर फिर्यादीस धावू नये.

ह्याशिवाय सात वर्षांखालील मुलाचे कृत्य, आणि वेडाच्या भरात आपण काय करतो हे न कळता केलेले कृत्य, गुन्हा होत नाही. दारूची धुंदी हा मात्र बचाव नव्हे; कोणी नकळत वा जबरीने पाजली असेल तरच त्याचा विचार होतो.

खाजगी संरक्षणाचा हक्क

शेतराखणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बचाव हा होय (कलमे ३४ ते ४४). आपल्या व दुसऱ्याच्या शरीराचे, तसेच चोरी, जबरी चोरी, आगळीक व अतिक्रमण यांपासून मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकास दिला आहे. चोर समोर उभा असता मालकाने पळून जावे असे कायदा म्हणत नाही. परंतु ह्या हक्कास चार कुंपणे आहेत, आणि ती ओलांडली की राखणदार स्वतःच आरोपी होतो.

पहिले: संरक्षणास जेवढी जरूर तेवढीच इजा करावी. दुसरे: पोलिसांची वा सरकारची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही. उद्या शेजारी नांगर घालणार आहे हे आज कळले, तर आज कचेरी व पोलीस ठाणे गाठावे. उद्यासाठी काठ्या गोळा करू नयेत. तिसरे: सरकारी नोकर सद्भावाने आपल्या अधिकारात काम करीत असेल, आणि त्यापासून मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याच्या हुकुमात कायद्याच्या दृष्टीने काही उणे असले तरी त्याच्यावर हा हक्क चालत नाही. मोजणीस आलेल्या भूकरमापकास अडवू नये. मोजणी मान्य नसेल तर अपील करावे. चौथे: हक्क धोक्याबरोबर सुरू होतो आणि धोक्याबरोबरच संपतो. चोर कणसे टाकून पळाला, म्हणजे माल परत मिळाला व हक्क संपला. पुढे गावापर्यंत पाठलाग करून त्यास झोडपणे ही राखण नव्हे; ती दुखापत होय.

मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्याचा हक्क फारच थोड्या प्रसंगी आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घरास लावलेली आग, आणि अशी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण की ज्यात आपण हात न उगारल्यास मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती आहे (कलम ४१). शेतातील साधी चोरी यांत येत नाही. पोत्याभर कापसासाठी माणूस मारला तर हक्काची मर्यादा सुटली. सद्भावाने सुटली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होईल एवढेच. निर्दोष सुटका नाही.

चोर धरला तर काय करावे? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्या समोर दखलपात्र व बिगर-जामीनपात्र गुन्हा करणारास कोणाही माणसास अटक करता येते. पण त्यास विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र असल्यामुळे तेथे ही अटक लागू पडत नाही. माल काढून घ्यावा, साक्षीदारांसमक्ष नाव लिहून घ्यावे आणि फिर्याद द्यावी. झाडास बांधून रात्रभर ठेवण्याचा अधिकार तर कोणासच नाही.

विजेची तार

हल्ली रानडुकरांचा उपद्रव फार वाढला आहे, आणि त्यावर उपाय म्हणून कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह सोडण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे. ह्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे मत १९६३ सालीच झाले आहे. बिहारातील एका गृहस्थाच्या शौचकूपाचा उपयोग शेजारची माणसे त्याच्या मनाविरुद्ध करीत, म्हणून त्याने तेथे जाण्याच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तीत वीज सोडली. कोणास सूचना दिली नाही. तिचा स्पर्श होऊन शेजारची एक बाई मेली. माझ्या जागेत ती अतिक्रमण करून आली, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. अतिक्रमण करणारा माणूस म्हणजे कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकलेला प्राणी नव्हे. त्यास प्रत्यक्ष हाताने जशी भयंकर इजा करता येत नाही, तशी ती होईल हे ठाऊक असून जमिनीत एखादी वस्तू लावून ठेवूनही करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल त्यास शिक्षा झाली. त्या काळी ह्या गुन्ह्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. आज कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. मृत्यू होण्याचा संभव ठाऊक होता असे दिसले तर प्रकरण कलम १०५ खालील सदोष मनुष्यवधावर जाते व शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते.

मक्याच्या राखणदाराची गोष्ट आणि ह्या तारेची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडे माणूस मेला. पण एकाने डोळ्यांनी पाहिले, अस्वल समजून प्रामाणिकपणे बाण सोडला. दुसऱ्याने तार लावली, आणि तार काही पाहत नाही. पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारी, सरपण वेचणारी बाई, चेंडूमागे धावणारे पोर आणि रानडुकर, तिला सगळे सारखेच. अशा तारेने मालक स्वतः किंवा त्याचा मुलगा मेल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेले जनावर परवानगीवाचून मारणे हा निराळा गुन्हा होतो, आणि आकडा टाकून घेतलेली वीज ही चोरीची. सौर शक्तीवर चालणारे, अल्प काळाचे हलके झटके देणारे तयार कुंपण ह्याहून निराळे आहे. त्याने जनावर मागे फिरते, मरत नाही. तेही सूचनाफलक लावून व नियमाप्रमाणेच बसवावे. वन्य पशूंनी केलेल्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे विनाविलंब अर्ज करावा.

हक्क आणि ताबा

ह्यापुढील गोष्ट पुष्कळ जमीनमालकांस कडू लागते. पण ती सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. फौजदारी कायदा बहुधा मालकी पाहत नाही, ताबा पाहतो. चोरी ताब्यातून होते, अतिक्रमण ताब्यावर होते. परका मनुष्य आपल्या शेतात शिरत असेल त्या वेळी त्यास जरूर तेवढ्या बळाने बाहेर काढण्याचा आपणांस हक्क आहे. परंतु तो पुरेसा काळ, आपणांस ठाऊक असता, उघडपणे शेत कसू लागला, म्हणजे त्याचा ताबा स्थिर झाला. पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ह्या स्थिर ताब्याच्या कसोट्या सांगितल्या. त्यांत एक अशी की, शिरणाराने त्या जमिनीत पीक घेतले आहे काय? घेतले असेल तर खऱ्या मालकासही ते पीक नष्ट करण्याचा किंवा बळाने ताबा घेण्याचा अधिकार नाही. त्याने कायद्याचा मार्ग धरला पाहिजे. आणि तो बळाने गेला, तर संरक्षणाचा हक्क त्याच्या बाजूस नसून पीक घेणाऱ्याच्या बाजूस असतो.

म्हणूनच दिरंगाई करू नये. तंट्यामुळे शांततेचा भंग होण्याचा संभव असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा आपले तहसीलदार, चौकशी करून प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे ठरवितात. पोलिसांचा अहवाल किंवा इतर खबर मिळण्यापूर्वी दोन महिन्यांच्या आत कोणास बळाने हुसकले असेल, तर ताबा त्याचाच होता असे ते धरू शकतात. वाट किंवा पाणी यांच्या वापराविषयी असाच उपाय कलम १६६ मध्ये आहे. ह्याशिवाय १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहेच. रस्ता वा पाणी अडविले, किंवा कायदेशीर मार्गावाचून ताबा काढून घेतला, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावावा; मुदत गेली की हे सोपे दार बंद होते आणि दिवाणीचा लांबचा रस्ता उरतो.

ताबा दाखवावयाचा कशाने? तोंडी साक्षीपेक्षा कागद बरा. सातबारा हा मालकीचा पुरावा म्हणून पुरत नाही हे खरे. पण १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी धरली जाते. यास्तव दर हंगामी आपल्या पिकाची नोंद वेळेवर करावी. ती आता आपल्या भ्रमणध्वनीवरून आपणच करावयाची असते, सबब ती राहून गेली तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. सारा, पाणीपट्टी व खताची पावती जपून ठेवावी.

प्रसंग आल्यास

दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग हद्द कोणाचीही असो. ती इलेक्ट्रॉनिक साधनानेही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यावर खबर घेतली नाही तर पोलीस अधीक्षकास टपालाने लेखी कळवावी, आणि त्यानेही न भागल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. खबर देताना घडले तेवढेच सांगावे. एका काठीच्या जागी चार कुऱ्हाडी सांगितल्या आणि घरातील साऱ्या पुरुषांची नावे घातली, म्हणजे खरी गोष्टही खोटी ठरण्याच्या पंथास लागते. तोडलेली झाडे, फुटलेला पाट, उपटलेली खूण यांची छायाचित्रे पंचनामा होईपर्यंत जागा न बदलता घ्यावीत. जखम झाली असल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवावी.

आपल्या पुढील पिढीच्या वाट्यास एकेक एकर, अर्धा एकर येत चालला आहे, आणि जमीन जितकी लहान तितका बांध मोठा वाटतो. तरीही बांध मोजून मिळतो, पीक पुढल्या पावसात पुन्हा येते, आणि नुकसानीची रक्कम कमीअधिक का होईना भरून निघते. मेलेला माणूस आणि तुरुंगात गेलेली उमेदीची वर्षे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने परत मिळत नाहीत. कायद्याने शेतकऱ्याच्या हातून काठी काढून घेतलेली नाही. ती कोणत्या वेळी व किती उगारावी एवढेच सांगितले आहे. ते समजून घेऊन आपल्या घरातील तरुणांस व राखणीस ठेवलेल्या गड्यांस हंगामापूर्वीच समजावून द्यावे, इतके सुचवून हा लेख पुरा करतो.